परातेंचा आकडा

संपादकांनी जागा दिली आहे: एक कॉलम, नऊ सेंटीमीटर.
फोटोही त्यातच बसवायचा.
बारा वाजून गेलेत, खाली मशीन तापतंय,
आणि तेहतीस वर्षं ज्याची कॉपी कापली
त्या माणसाला मी शेवटचं कापायला बसलोय.

केवलराम पराते, वय त्र्याहत्तर.
गोळीबार चौकातल्या कोष्ट्याचा मुलगा.
बाप ताण्याचे धागे मोजायचा, बोटाने, न बोलता;
एक सुटला तर अख्ख्या लुगड्यात रेघ दिसते.
मुलगा माणसं मोजायला शिकला.

डिसेंबरात मुंबईहून सरकार यायचं.
मागोमाग तिकडचे वार्ताहर, कोरे स्वेटर घालून,
रविभवनाच्या हिरवळीवर उन्हाला पाठ देऊन
कोण फुटणार, कोण टिकणार याच्या पैजा लावायचे.
पराते तेव्हा टेकडी रोडवर
पानठेल्याच्या बाकावर उभे,
खिशात सुपारीची खांडं.
शंभर माणसं पुढे गेली की एक खांड
डाव्या खिशातून उजव्या खिशात.

पोलीस म्हणायचे पाच हजार.
संघटना म्हणायची पन्नास.
पराते लिहायचे: अकरा हजार तीनशे,
त्यात बायका चार हजारांवर.
अनवाणी किती ते मोजता आलं नाही, दिलगीर आहे.

‘दिलगीर आहे’ मी दरवेळी कापलं.
बातमीत वार्ताहर दिलगीर नसतो.

दोन आठवड्यांनी सरकार संत्र्यांच्या पेट्या घेऊन परत.
उरलेलं वर्षभर विधानभवन कुलपात,
आणि आमचा राजकीय प्रतिनिधी
त्या कुलपाचं बीट सांभाळायचा.
कुठलं आश्वासन कुठल्या टेबलावर वाळत पडलंय
ते भर मे महिन्यात सायकलने विचारत फिरायचा,
डोक्याला ओला दुपट्टा.
त्या बातम्या पान सातला जायच्या, पंचांगाखाली.

एका मंत्र्याने त्यांच्या घरी पेटी पाठवली.
परातेंनी बाजारभावाने पैसे मनीऑर्डर केले,
पावती माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली.
“राहू दे. मी मेलो त कामी येईल.”
अजून आहे. काचेला चिकटलीय, निघत नाही.

एकदा मालकांचा फोन आला.
मी ‘तीन हजार आठशे’ खोडून
‘हजारोंच्या संख्येने’ केलं.
जागासुद्धा वाचली नाही त्यात.
पराते तेरा दिवस बोलले नाहीत, सुतक पाळल्यासारखे.
चौदाव्या दिवशी खर्र्याची पुडी पुढे केली:
“काय आहे भाऊ, शून्य खाल्लं त नेता बोंबलते.
एक माणूस खाल्ला त कोनीच बोंबलत नाही.”
मी खर्रा घेतला. माफी मागायची राहिली.
म्हणजे, मागितली नाही.

आज अंबाझरी घाटावर गेलो होतो.
दोन माजी आमदार. तिसरे येतो म्हणून न आलेले.
पानठेलेवाल्याचा नातू.
विधानभवनाचा निवृत्त चौकीदार, टोपी हातात धरून.
मुलगी पुण्याहून, स्टेशनवरून सरळ, बॅगसकट.
कुणीतरी बोललं, लोकशाहीचा खांब कोसळला.
खांब! पाच फुटांना दोन बोटं कमी होती उंची.
म्हणून तर बाकावर चढायचे.
मी मागे उभा होतो,
आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मोजतोय.

आता हे नऊ सेंटीमीटर.
अशा बातमीची शेवटची ओळ ठरलेली असते:
मोठा जनसमुदाय उपस्थित होता.
बोटांनी ती लिहूनही टाकली.

खोडली. लिहिलं:
त्रेचाळीस जण उपस्थित होते.

पुन्हा मोजले. मला धरून चव्वेचाळीस.

जागा संपली होती.
फोटो कपाळाकडून थोडा कापला
आणि तेवढ्यात दोन शब्द बसवले:
दिलगीर आहे.