मागे राहिलेलं नाव

औलूमध्ये तीनलाच अंधार.
राइली वाचते आहे वेइक्कोचा बदल :
चौदा ओळी हिरव्या, दोन लाल.

सगळ्या टेबलांची नावं ज्या टेबलात असतात
तिथली ही डागडुजी –
टेबल गेलं, नाव मागे राहिलं,
तर सर्व्हर सुरू होताना
ते गुपचूप पुसून टाकायचं.

चाचण्या पास. कोड नेटका.
कर्सर मात्र ‘गुपचूप’पाशी लुकलुकत.

तिच्या इमारतीत, जिन्याखालच्या पाटीवर,
तिसऱ्या मजल्यासमोर अजून आहेत हिएताला.
सप्टेंबरात गेले.
पाटीची किल्ली कोणाकडे, कुणालाच ठाऊक नाही.

ती लिहिते :
पुसण्याआधी लॉगमध्ये एक ओळ तरी.
नाव. तारीख.

वेइक्को लगेच : वाचणार कोण?

ती मंजुरी देत नाही.
बूट चढवते.