निरगाठ

डॉक्टर यान यांनी फिल्म उजेडावर धरली
आणि मला जवळ बोलावलं.
मक्याच्या दाण्याएवढी आहे का? मी विचारलं.
अक्रोडाएवढी, त्या म्हणाल्या.
आमच्या मागच्या दारी अक्रोड आहे.
माप लगेच कळलं.

काठ बघा, त्या म्हणाल्या.
साधी गाठ गुळगुळीत असते, ओढ्यातल्या गोट्यासारखी.
हिला काटे फुटलेत.
मला काटे दिसेनात. मला दिसलं
थंडीत काचेवर वाफ सोडून
माझ्या नातीने बोटाने काढलेलं ऊन:
मधे धूसर ठिपका, भोवती रेघा.

किती वर्षं ओढता?
मी हसले. हसण्याचा खोकला झाला,
तो संपेपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.
मी नाही, तो ओढतो.
बाहेर बाकावर बसलाय, बांबूची नळी मांडीशी धरून.
पन्नास वर्षं त्या नळीत पाणी गुडगुडतंय.
त्याचाही फोटो काढला होता त्यांनी.
स्वच्छ.
तो कागद त्याने चार घड्या घालून खिशात कोंबला,
कुणाचं तरी चोरल्यासारखा.

मग त्या म्हणाल्या, घरात काय जाळत होता?

खोलीच्या मध्यावर खड्डा होता, बाई.
आमच्या डोंगरातला कोळसा, काडी लावताच पेटणारा,
धूर मायंदाळ.
आढ्याला डुकराच्या मांड्या टांगलेल्या.
धुराने मांस टिकतं, सासू म्हणायची.
पुरुष शेतावर, खाणीवर, जुगारावर.
आम्ही खड्ड्याभोवती. बटाटे राखेत, पोर पाठीला.
सासू गेली खोकून. मधली जाऊ, रुइशियान, गेली.
पलीकडची चोंगफेन बिडीच्या वासानेही नाक मुरडायची,
तीसुद्धा.
धुराडं आलं तेव्हा धाकटी शाळेत जायला लागली होती.

आग विझत आली की फुंकर घालायची.
आणि फुंकर घालायची तर आधी
श्वास आत घ्यावा लागतो.
हे मी त्यांना सांगितलं,
त्यांनी लिहून घेतलं नाही, पण
चष्मा काढला.

मग समजावलं पुन्हा, सावकाश.
शरीरातल्या पेशी वाढतात आणि थांबतात.
एखादीला थांबायचं सुचत नाही.
सुईने तुकडा काढू, भिंगाखाली बघू,
तिचं नाव कळलं की औषध ठरवता येईल.
काहींना नुसत्या गोळ्या पुरतात.
काहींना?
काहींना नाही.

मी उभ्या जन्मात हजारो गाठी मारल्या,
मांडीच्या दोरीला, पोत्याला, पोराच्या झोळीला.
सुरगाठ एका ओढीत सुटते.
निरगाठीला दात लावावे लागतात,
ओढाल तितकी घट्ट.
तुम्ही कोणती म्हणता, असं विचारायचं होतं.
पुढचा नंबर पुकारला.

परतीच्या बसथांब्यावर त्याने नळी पेटवली नाही.
ओढ की, मी म्हटलं. तुझं काही नाही यात.
त्याने नळी उलटी केली.
पिवळं पाणी डांबरावर पसरलं, एका कुत्र्याने हुंगलं.
काही बोलला नाही. तिकिटं मात्र माझी-त्याची
दोन्ही हातात धरून बसला.

घरी सून गॅस पेटवत होती. टक्. निळी ज्योत.
धूर कुठे जातो बघायला सवयीने मी वर पाहिलं.
आढं काळंच आहे अजून.
दाराची चौकटसुद्धा.
नखाने खरवडून बघितली.
नखात काजळी आली, मऊ, तेलकट.
लाकूड लागलं नाही.