दोन इंच माया

वडगावात आमचं दुकान. भिंतीपलीकडं
पॉवरलूम दिवसभर खडखडतात,
म्हणून बायका बाकीचं सगळं ओरडून सांगतात
आणि कंबरेचा आकडा तेवढा
माझ्या कानाशी येऊन.

वह्या आहेत, आईनं मशीन घेतलं तेव्हापासूनच्या.
हुंदरेंच्या तिघी एकाच पानावर:
आजी, छाती चव्वेचाळीस, दंड सोळा.
लेक, चव्वेचाळीस, दंड साडेसोळा.
नात, शिनोळीला दिलेली,
पहिल्या बाळंतपणाआधीच बेचाळीस.
डाव्या खांद्याला तिघींच्या तोच झोल.
आजी बेळगुंदीची, रताळ्यावर वाढलेली,
नात कंपनीच्या कँटीनमध्ये जेवते.
मी दहावी नापास. पण
टेप कुणाची बाजू घेत नाही, एवढं कळतं.

मार्चमध्ये मोठ्या दवाखान्यातून दोघी आल्या.
संमतीचा कागद कन्नडात होता, वाचून दाखवला.
सही मराठीत चालेल का, विचारलं.
चालते म्हणाल्या.
एक नळी रक्त घेतलं, मग कंबर मोजायला लागल्या
श्वास कोंडून धरलेल्या बाईची.
मी म्हटलं, आधी तिला श्वास सोडू द्या हो,
सगळ्याच पोट आत ओढतात.

त्यातली हुबळीची म्हणाली, अक्का,
रक्तात लांबच लांब मजकूर असतो,
काही बायकांत एका ठिकाणी
एक अक्षर वेगळं निघतं.
त्याचा वजनाशी संबंध असू शकतो.

एका अक्षराचं मला नवल नाही.
आमच्याकडं एका अक्षरापायी
बसच्या पाट्या काळ्या होतात,
माझ्या धाकट्या दिरानं
दोन रात्री लॉकअपात काढल्यात.
नवल वाटलं ते 'असू शकतो'चं.

आजवर सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.
सासूला ठाऊक होतं, मी चोरून खाते.
निपाणीहून बघायला आलेल्या पाहुण्यांना
खुर्ची करकरली तेव्हाच ठाऊक झालं.
'दप्पक्का, दप्पक्का' करत
सायकलीवरनं जाणाऱ्या पोरांना तर होतंच.
दीड भाकरी. मोजून दीड. पंधरा वर्षं.
एकाच्याही तोंडून आलं नाही,
असू शकतो.

मी विचारलं, रिपोर्ट कधी?
एकेकीचा मिळत नाही म्हणे,
हजारजणींचा मिळून निघतो.
आणि अक्षर असलं तरी सगळ्याच जाड होत नाहीत,
बसणं, झोप, काळजी, त्याचाही वाटा असतो.
बसणं म्हणजे? मी मशीनकडं बघितलं.
तीही बघत होती.
माझी सख्खी बहीण यल्लू, एकाच परातीतलं पीठ,
सुतळीसारखी. तिला ते आलं नसेल,
किंवा आलं असेल आणि गप्प बसलं असेल.

परवा गौतमी समोर उभी राहिली.
तेरावं लागलंय. शाळेत साडी नेसायची आहे.
माप घे, म्हणाली, पण फिट शिव,
आत माया ठेवू नकोस,
मी बारीक होणाराय.
चार दिवस डबा भरलेलाच परत येतोय.

टेप तिच्याभोवती गेला आणि
डाव्या खांद्याशी माझा हात थांबला.
तिथं आईचा झोल होता. माझाही.
मला तिला काहीतरी सांगायचं होतं,
मजकुराचं, अक्षराचं, हजार बायकांचं.
पण मला तरी नीट कुठं कळलंय.
म्हटलं, श्वास सोड.
नाही म्हणाली.
सोड गं, मी लिहीत नाही तोवर.

तिच्यादेखत फिट टाके मारले.
ती आत गेल्यावर उसवले,
दोन्ही बगलेत दोन दोन इंच माया दुमडली,
वरनं दिसणार नाही अशी.
वहीत तिचं नाव घातलं.
आकडा पेन्सिलीनं लिहिला.

तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले. एवढी शांतता आमच्या गल्लीला
सोसत नाही.
आत भाकरीच्या डब्याचं झाकण वाजलं.
मी वळले नाही.
काखेच्या काळ्या शिवणीत दोरा ओवत बसले,
अंदाजानं.