बेळी

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर
एकच शब्द लिहिला, फिजिओलॉजी,
आणि खडूच्या एका उभ्या रेघेनं फोडला,
खानापुरात माझा बाप फणस फोडतो तसा.

"लॉजी सोडा, ती कुणाच्याही शेपटीला असते.
फ्युसिस बघा. ग्रीक आहे. उगवणं, वाढणं,
आपसूक होत जातं ते.
आधी यात वारा होता, तारे, मासे, दगड.
आकसत आकसत कातडीच्या आत आलं."

मी खाली कोशातलं जोडलं:
शरीर. शॄ धातू. झिजणे.
आणि पेन तिथंच अडलं.
एक म्हणतो वाढतं, दुसरा म्हणतो झिजतं,
परीक्षेत काय लिहू?

दुपारी प्रयोगशाळेत निंगाप्पा
धुराच्या ज्योतीवर ड्रम फिरवत
कागदाला काजळी धरवायचा.
बेडकाचं काळीज आकड्याला, आकडा दोऱ्याला,
दोरा काडीला, आणि काडी त्या काळ्यावर
पांढरं काही लिहू लागायची,
काना नाही, वेलांटी नाही, नुसते डोंगर.

"एन हेळ्यार सर इवत्त?" त्यानं विचारलं.
माझं कन्नड बाजारापुरतं.
मी तळहात फरशीजवळ धरला
आणि हळूहळू वर नेला, कमरेपर्यंत.
"बेळी," तो म्हणाला.
बेळी? ते तर पीक की.
"होय की बाई. पीक बी बेळी, वाढणं बी बेळीच.
आमच्या ऊरात दोन-दोन शब्द कुणाला परवडतात?"

त्यानंतर एकवीस वर्षांनी बैलहोंगलच्या पुढं
त्याच्या पडवीत पोचले तेव्हा
त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं.
कपाळभर भस्म. मांडीवर हात,
नखांच्या कडेला काळं, का मलाच तसं वाटलं.
गंगव्वानं त्याचं बोट उचलून दाखवलं:
"उगुर बेळ्याव नोडरी, रात्रीतनं."

मला ठाऊक होतं, मी हेच शिकवते:
नख वाढत नाही. कातडी सुकते, मागं सरते,
आणि नख पुढं आल्यासारखं दिसतं.
झिजतं तेच वाढल्यासारखं दिसतं.

"हूं," मी म्हटलं.
मग तिनं नेलकटर मागितला.
माझ्या पर्समध्ये होता.