शिट्टी हे एकक

हिशेबनीसांनी बिल परत पाठवलं.
‘कुकरच्या रबरी रिंगा, नग चाळीस, इतवारी.
तुरीची डाळ, एक पोतं, कळमना.
हे भूजल-संशोधनात कसं बसतं?’

कसं बसतं, सांगते.

चिंचटेकडीला मी वर्षभर जात होते,
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, बर्डीहून पहिल्या बसनं.
सात विहिरी, चौदा बाटल्या, बर्फाचा डबा.
राखेच्या बांधाकडून वारा सुटला
की लेबलं करडी व्हायची,
मी पुसून पुन्हा लिहायचे.
सुगंधाबाई दिघोरे दारातून बघत असायची.
एकदा म्हणाली,
‘तू महिन्यातून एकदा येतं, तेबी अकरा वाजता.
पाणी का तुई वाट पायत बसते?
मी रोज डाळ शिजवतो.
कधी चार शिट्ट्या, कधी नऊ.
नऊ झाल्या का समजतो, पाणी बदललं.’

मी वहीत लिहिलं : पाण्याचा जडपणा, स्थानिक समज.
समज.
तो शब्द मी नंतर खोडला नाही.
लाज वाटावी म्हणून ठेवलाय तसाच.

मग चाळीस घरांच्या भिंतीवर, कॅलेंडरात,
दुधाच्या खाड्यांशेजारी शिट्ट्या मांडल्या जाऊ लागल्या.
आधी भांडणं झाली.
कुणाचं रबर सैल, कुणाची डाळ दोन वर्षांची,
रेखा उईकेकडे चूल, तिथं शिट्टीच नाही.
तिनं उदबत्ती लावली :
आज दीड उदबत्ती, आज अडीच.
म्हणून रिंगा. म्हणून एकाच पोत्यातली डाळ.
आम्ही याला प्रमाणीकरण म्हणतो.
‘सरळ सांग ना,’ सुगंधाबाई म्हणाली,
‘सगळ्यायचं माप एक.’

दिवाळीनंतर आलेख काढला.
रेघ सहा वेळा उडी मारते.
डोमाजी मारबते रात्री जाळं टाकायला जातात,
नाल्यात पांढरं पाणी दिसलं
की जाळ्याच्या दोरीला गाठ मारतात.
तारीख नाही, नुसती गाठ;
पण कुठली गाठ कुठल्या चंद्राची, ते त्यांना पाठ.
नातवानं चंद्रावरून तारखा लावल्या.
सहा गाठी. प्रत्येक उडीच्या तीन दिवस आधी एक.
माझे बारा मंगळवार
या सगळ्यांच्या मधून
कोरडे निघून गेले होते.

आणि मग देवळामागची विहीर.
गावाची लाडकी, तीन शिट्ट्यांची.
बाळंतिणीला तिचं पाणी, पाहुण्याला तिचं पाणी.
तिच्या बाटलीत यंत्राला जे सापडलं
त्याला चव नाही, वास नाही, शिट्टी नाही.
मी दोनदा तपासलं.
तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या हातून करून घेतलं,
आपलं चुकलं असावं या आशेनं.

सांगितलं तेव्हा कुणी बोललं नाही.
रेखाची सून सातव्या महिन्यात होती, ती उठून आत गेली.
सुगंधाबाईनं तांब्या उचलला, आत बघितलं.
‘म्हणजे जीभच फसवत होती आमची.’
मग माझ्याकडे बघून,
‘अन् तुयं यंत्र आंधी काऊन नाय आलं?’

निबंधात सगळं आलंय.
तक्ता चार, शिट्टी हे एकक, खाली उदबत्तीची टीप,
वर त्रेचाळीस नावं, सुगंधाबाईचं माझ्याआधी.
तिच्या त्या प्रश्नाला मात्र
रकाना सापडलेला नाही.

तर हिशेबनीस साहेब,
रिंगा ‘उपकरणे’ या खात्यात टाका.
डाळही तिथंच.
आणि पुढच्या महिन्यात आणखी एक बिल येईल :
लाल ऑइलपेंट, अर्धा लिटर, ब्रश एक.
देवळामागच्या विहिरीचा काठ
बायांनी स्वतः रंगवलाय.
थोडा रंग उरला होता, तो त्यांनी
माझ्या बाटल्यांच्या डब्याला लावला,
लांबून ओळखू यावा म्हणून.