असामान्य वापर

खिलारे सायकलवरून यायचा, दांड्याला उभी चावी बांधून,
पुरुषभर उंचीची.
कोपऱ्यावरचं झाकण उचलून ती फिरवायचा
आणि अख्ख्या गल्लीच्या नळांना खोकला यायचा.
आई गॅलरीतून ओरडायची,
"अहो, आज साखरपुडा आहे, वीस मिनिटं जास्त ठेवा!"
तो मान हलवायचा. कधी ठेवायचा, कधी नाही.
दिवाळीला त्याचे पन्नास रुपये ठरलेले.
पलीकडच्या चाळीतलं कुणी ते देत नसे,
त्यांचं पाणी नेमकं सातला जाई.
हेही सांगितलं पाहिजे.

आता धनकवडीत घरोघरी मीटर आहे,
मुठीएवढा, निळा, मुका.
दर पंधरा मिनिटांनी महापालिकेला काहीतरी कळवतो.
पैसे मागत नाही.
साखरपुडा त्याला कळत नाही.

फेब्रुवारीत पहिला मेसेज आला:
आपल्या जोडणीवर रात्री २ ते ४ असामान्य वापर आढळला आहे.
गळती तपासा.

मी तेव्हा न्हाणीघरात होतो,
बाह्या सारून, तिसरी चादर बुचकळत.
आई आत भिंतीकडे तोंड करून,
चोपन्न वर्षांच्या मुलानं आपलं धुवावं
या लाजेनं डोळे मिटून.
ओल्या अंगठ्यानं मी लिहिलं,
गळती नाही. आई आहे.
उत्तर आलं,
या क्रमांकावर उत्तर पाठवता येत नाही.

मार्चमध्ये दोन. एप्रिलमध्ये चार, शेवटचा तांबड्या अक्षरांत.
मेमध्ये एकही नाही.
जूनच्या पाच तारखेला:
अभिनंदन! आपल्या कुटुंबाने ६२ टक्के पाणी वाचवले.
सोबत एक हिरवं पान, हलणारं.

भांडायला गेलो क्षेत्रीय कार्यालयात.
वाक्यं जुळवली होती, रिक्षात दोनदा म्हणून पाहिली होती.
शिंत्रेबाईंचा डबा उघडा होता, गवारीची भाजी.
त्यांनी ऐकून घेतलं,
हात पुसले
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

निळ्या उभ्या रेघा.
फेब्रुवारीत रात्री दोनला एक, मग दोन,
एप्रिलमध्ये तर रान माजलेलं.
ही जुलाबाची रात्र.
ही बुटकी, त्या रात्री ती शांत झोपली होती,
मीही.
ही एकवीस तारीख, पहाट.
एकच उंच रेघ, अंघोळीची.
तिला घातलेल्या.
पुढे काही नाही.

बहीण कॅनडात, तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.
खालच्या मजल्यावर कुणाला पत्ता नव्हता.
ज्याला माहीत होतं
त्याला काय माहीत आहे, हे माहीत नव्हतं.

"प्रिंट मिळेल?"
"सोय नाही," शिंत्रेबाई म्हणाल्या.
मग साहेबांच्या दाराकडे बघत, हळूच,
"मोबाइलवर फोटो काढा. मी चहाला जाते."

वीस मिनिटांनी परत आल्या.
मी अजून एप्रिलमध्येच होतो.