वाऱ्याची बाही

आमच्याकडे तिला वाऱ्याची बाही म्हणतात.
सप्टेंबरात पीचची झाडं फुलली की नवी शिवायची,
जुनीचं तोवर धुडकं झालेलं असतं.
सव्वातीन मीटर नारिंगी कापड,
दुहेरी टीप, तोंडाशी लोखंडी कडं.
माणसाला दोन लागतात, आभाळाला एक पुरते,
आई म्हणायची,
आणि एअरोक्लबला बिल मात्र दोन बाह्यांचं लावायची.

धावपट्टी म्हणजे काय, आठशे मीटर गवत.
आधी तिथं सानाब्रियांचं जवस होतं.
पहिलं विमान आलं ते तेल संपल्यामुळं.
जवस ऐन फुलात, वरून सगळं निळंशार,
वैमानिकाला वाटलं, पारानाचं पाणी चढलंय.
बूट काढले, देवाचं नाव घेतलं,
बुडायच्या तयारीनं उतरला
आणि अनवाणी, कोरडा ठणठणीत, फुलांत उभा राहिला.
सानाब्रियानं त्याच्याकडून नुकसानभरपाई घेतली.
पुढच्या वर्षी खांब रोवला.

मग मंगळवारचं टपाल. यीस्टचे डबे.
आजोबांची कवळी, ब्युनोस आयरेसहून, चुकीच्या मापाची.

सत्तावन साली डांग्या खोकला आला.
डॉक्टर बेन्वेनूतो म्हणाले, पोरांना वर न्या,
तीन हजार मीटरवर हवा पातळ असते, तिथं खोकला सुटतो.
खरं होतं का ते? कुणास ठाऊक.
पोन्चोत गुंडाळून एका वेळी तीन पोरं न्यायचे.
मी पाच वर्षांची, ओसोर्नो पायलटच्या टोपीत ओकले.
खाली आई, दोन्ही हात वर केलेली,
टाचणीच्या डोक्याएवढी.
आठवड्यात खोकला गेला,
औषधानं, उंचीनं, की नुसत्या भीतीनं.

फेर्मिनची पाळी दुसऱ्या दिवशी होती.
दुसऱ्या दिवशी धुकं.
तिसऱ्या दिवशीही.
बाही खांबाला चिकटून होती, आत हात नसल्यासारखी.

शहात्तर ते त्र्याऐंशीची नोंदवही नाही.
म्हणजे वही आहे, पानं नाहीत.
दिवे न लावता काहीतरी उतरायचं, पुन्हा उडायचं.
आम्ही अंथरुणात ऐकायचो,
आणि सकाळी बेकरीच्या रांगेत
एकमेकींना विचारायचो, आज पाऊस येईल का.
आईचे डोळे तेव्हाच अधू झाले. पहिली बाही मी शिवली ती त्या सालात.
वारा कुणाच्या बाजूचा नसतो, असं मनाला सांगत टाके घातले.
टाके चांगले आलेत. आजही उसवून बघितले तर चांगलेच असतील.

महापुरात गावातली उंच जागा ती एकच निघाली.
तीनशे गाई, मतिमंद मुलांची शाळा,
नगरपालिकेची कपाटं, आणि बँकेचा मॅनेजर पायजम्यात.
नेलिदाचं लग्न हँगरमध्ये झालं, पेट्रोलच्या वासात.
माझी लेक गाडी शिकली ती धावपट्टीवर,
कारण तिथं आपटायला काही नाही.
(तिनं खांबाला आपटली.)
फवारणीची विमानं. रविवारी पतंग.
एकदा बर्फाच्या पेटीतून कुणाचं तरी मूत्रपिंड आलं,
पेटीवर मासळी कंपनीचं नाव.

या सोमवारी इंजिनियर पोरगा आला,
लाल फीत बांधलेल्या खुंट्या घेऊन. प्लॉट पाडायचेत.
मी शिडीवर, तोंडात दोरा.
सेन्योरा, आठवड्याला विमानं किती येतात?
दोन. कधी एकच.
मग ही जागा वापरता कशासाठी?
दोरा तोडायला वेळ लागला.
म्हटलं, आधी शिडी धर.
धरली त्यानं, बरी घट्ट धरली.
मी कडं अडकवलं, हात सोडला,
बाही जरा फडफडली, मग भरली.
ईशान्येचा, मी वरूनच सांगितलं.
त्यानं एका हातानं
तेही लिहून घेतलं.